जांभळाची बी आणि आण्णांची गोळी

पिवळा रंग न येणं ही आमच्या कामात आनंदाची गोष्ट असते. फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट बाहेर काढली तेव्हा जांभळाच्या बियांच्या अर्काची सगळी ओळ पाण्यासारखी नितळ होती. शेजारची अकार्बोजची ओळ, म्हणजे बाजारात औषध म्हणून मिळणाऱ्या रेणूची ओळ, चांगली पिवळीधमक. मी प्लेट ट्यूबलाइटखाली धरून दोनतीनदा पाहिली, रंग मोजणाऱ्या रीडरमध्ये घालून आकडे घेतले, वहीत उतरवले आणि जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

तो फोन मी त्या दिवशी करायला नको होता. पुढे जे सांगणार आहे ते त्या फोनचंच आहे.

आमचं गाव राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. शिवारात ऊस सोडून दुसरं काही नजरेला पडत नाही. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की चिमणीचा धूर आणि काकवीचा वास गावभर. आण्णांना शुगर निघाली तेव्हा मी बीएस्सीला होते. गुळाशिवाय चहा न पिणारा माणूस, त्यांनी तो सोडला, पण आलेल्या पाहुण्याला ढेप फोडून खडा देताना हात थोडा थांबायचा. गावात शुगरवाले एकटे आण्णा नाहीत. २०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे आकडे आले, त्यात भारतात दहा कोटींहून जास्त मधुमेही निघाले. आमच्या गल्लीत तर घराआड एक आहे. आणि त्यातल्या बहुतेक घरांत फडताळावर एक बरणी असतेच: जांभळाच्या बियांची पूड. सकाळी अनशापोटी एक चमचा.

म्हणून पीएचडीला विषय घ्यायची वेळ आली तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. प्रवेश परीक्षा झाली, कोर्सवर्क झालं, समितीपुढे विषय मांडला. जांभळाच्या बियांतले घटक अल्फा-ग्लुकोसिडेज या एन्झाइमला कसे रोखतात, असा तो विषय. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "रोखतात हे आधीच ठरवलंय का?" मी म्हटलं, "नाही सर, तपासणार आहे." पण मनात ठरवलंच होतं.

एन्झाइमला पुस्तकात विकर म्हणतात. अल्फा-ग्लुकोसिडेज लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असतं. भात, भाकरी, गूळ, साखर, जे काही पिष्टमय आणि गोड आपण खातो त्याचे शेवटचे तुकडे करून ग्लुकोज मोकळं करण्याचं काम त्याचं. तुकडे पडल्याशिवाय साखर रक्तात शिरत नाही. म्हणून हे एन्झाइम थोडं मंद केलं तर जेवणानंतर रक्तातली साखर एकदम उसळत नाही. अकार्बोज आणि व्होग्लिबोज या गोळ्या नेमकं हेच करतात. आण्णांना मेटफॉर्मिनच्या जोडीला व्होग्लिबोजच होती, जेवणाच्या आधी घ्यायची.

जूनमध्ये मी बिया गोळा केल्या. आमच्या मळ्याच्या बांधावरचं एक झाड आणि दाजीपूरच्या रस्त्याला लागलेलं एक. झाड जांभळाचंच आहे हे डोळ्यांना कितीही दिसत असलं तरी चालत नाही. फुला-पानांसकट फांदी दाबून, वाळवून वनस्पतीशास्त्राच्या तज्ज्ञाकडून नाव पक्कं करून घ्यावं लागतं आणि तो नमुना जपून ठेवावा लागतो. माझ्या फांद्या 'पुढारी'च्या जुन्या अंकांत दाबलेल्या होत्या. रोज कागद बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. बियांचा गर धुऊन काढला, सावलीत वाळवल्या, साल काढली, दळल्या. पूड मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची, पुन्हा भिजवायची. मग रोटरीवर, म्हणजे चंबू फिरवत द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, मिथेनॉल उडवून लावलं की काचेच्या गोल चंबूच्या तळाला डांबरासारखं काळपट तपकिरी काहीतरी उरतं. ते खरवडून काढताना मनगट भरून येतं. त्या डांबरात शेकडो वेगवेगळे रेणू असतात, आणि आपल्याला हवा तो असलाच तर त्यातला एखादा.

आता प्लेटचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. प्लास्टिकची, तळहाताएवढी, शहाण्णव खळग्यांची. एका खळग्यात बफर, म्हणजे आम्लता कायम राखणारं द्रावण, थोडा अर्क, थोडं एन्झाइम. दहा मिनिटं दोघांना एकत्र राहू द्यायचं. मग पीएनपीजी नावाचा पदार्थ घालायचा. त्यात ग्लुकोजला नायट्रोफेनॉल जोडलेलं असतं. एन्झाइमने ती जोडणी तोडली की नायट्रोफेनॉल सुटतं आणि शेवटी सोडियम कार्बोनेट घातलं की ते पिवळं दिसतं. जितकं एन्झाइम चालू, तितका पिवळा रंग गडद. अर्काने एन्झाइम बंद पाडलं तर रंग नाही. कामात हात स्थिर लागतो. एका खळग्यात वीस मायक्रोलिटर म्हणजे एक बारीक थेंबही नाही, आणि आठ टिप्सच्या पिपेटमध्ये एका टिपला बुडबुडा आला तर ती ओळ गेली. पहिले चार महिने माझ्या तीन रीडिंगमध्ये मेळच नसायचा.

फेब्रुवारीत मेळ बसला. तीनही वेळा तोच आकडा. एन्झाइम निम्म्यावर आणायला अर्क लागला मिलिलिटरला ११ मायक्रोग्रॅम. अकार्बोज लागलं अडीचशेच्या वर. म्हणजे आमच्या बांधावरच्या झाडाची बी कंपनीच्या औषधापेक्षा वीसपट सरस. फोनवर आण्णांना हेच सांगितलं, अगदी याच शब्दांत. आण्णा क्षणभर बोलले नाहीत. मग म्हणाले, "लई झ्याक केलंस पोरी." आवाज भरून आला होता.

पुढच्या सोमवारी आमची लॅब मीटिंग होती. मी आलेख पडद्यावर लावला. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, पेन खाली ठेवलं, जवळ येऊन पाहिलं. मला वाटलं आता शाबासकी. त्या म्हणाल्या, "ही रेघ फार उभी आहे गं."

मला आधी कळलंच नाही. मात्रा वाढवत नेली की परिणाम हळूहळू चढायला हवा. माझ्या आलेखात ठरावीक मात्रेपर्यंत काहीच नाही आणि तिथून पुढे एकदम सगळं बंद. मी ते अर्काच्या ताकदीचं लक्षण समजले होते. मॅडमनी मग विचारलं, "एन्झाइम कशातलं आहे?" यीस्टमधलं, मी म्हटलं. सगळे तेच वापरतात, स्वस्त पडतं. "आणि अकार्बोज यीस्टच्या एन्झाइमवर काम करतं तरी किती?" मला उत्तर येईना. "डिटर्जंट घालून पाहिलंस?" नाही.

त्या रात्री हॉस्टेलवर बसून वाचलं आणि पोटात गोळा आला. यीस्टचं अल्फा-ग्लुकोसिडेज आणि माणसाच्या आतड्यातलं अल्फा-ग्लुकोसिडेज ही नावाने एक असली तरी घडणीने दोन वेगळ्या कुळांतली एन्झाइम्स आहेत. अकार्बोज सस्तन प्राण्यांच्या एन्झाइमवर जोरात चालतं, यीस्टच्या एन्झाइमवर अगदीच दुबळं. मग यीस्टचं एन्झाइम घेऊन जो कोणी अकार्बोजशी तुलना करेल त्याचा पाला, साल, मूळ, काहीही अकार्बोजपेक्षा सरस ठरणारच. असे कितीतरी शोधनिबंध मी स्वतः कौतुकाने वाचले होते, प्रिंट काढून अधोरेखित केले होते. ज्या शर्यतीत समोरचा घोडा लंगडा आहे ती शर्यत मी जिंकले होते.

डिटर्जंटची चाचणी मी दुसऱ्याच दिवशी केली, कारण तिला फक्त ट्रायटन एक्स-१०० लागतं आणि ते कपाटात होतं. कल्पना साधी आहे. काही रेणू पाण्यात सुटे राहत नाहीत, त्यांचे अतिसूक्ष्म गोळे बनतात. एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून बसतं आणि अडकतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं औषधाने एन्झाइम रोखलं. शतांश टक्का ट्रायटन घातलं की गोळे फुटतात आणि एन्झाइम पुन्हा कामाला लागतं. खरं औषध असेल तर या साबणाने त्याच्यावर फारसा फरक पडू नये.

सोडियम कार्बोनेट घालताना मी श्वास रोखून होते. जांभळाची ओळ पिवळी झाली. अगदी अकार्बोजच्या ओळीसारखी नाही, पण पिवळी. जिथे आधी नव्वद टक्के एन्झाइम बंद होतं तिथे आता वीस टक्केही नव्हतं. मी प्लेट पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावली तेव्हा बाहेर मोर ओरडायला लागले होते, म्हणजे उजाडलं होतं.

मॅडमनी आणखी एक चाचणी सांगितली. ट्रिप्सिन घ्यायचं. हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, साखरेशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याचीही चाचणी पिवळ्या रंगावरच वाचता येते. जांभळाच्या अर्काने ट्रिप्सिनही बंद पाडलं. मग शंका उरली नाही. अर्कात टॅनिन्स भरपूर असतात आणि टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. ते अल्फा-ग्लुकोसिडेज ओळखत नव्हतं, मधुमेह ओळखत नव्हतं, समोर जे प्रथिन आलं त्याला मिठी मारत होतं.

आणि हे मला लहानपणापासून माहीत होतं, जिभेला माहीत होतं. जांभूळ खाल्लं की तोंडाला जो तुरटपणा येतो, जीभ खरखरीत होते, ती टॅनिन्सने लाळेतल्या प्रथिनांना गाठल्यामुळे. माझ्या प्लेटमध्ये झालं ते तेवढंच होतं. बी तुरट आहे हे मी सहा महिने मोजत बसले होते.

घरी मी हे सांगितलं नाही. आज सगळ्यात जास्त टोचतं ते हे. चांगली बातमी रीडर बंद व्हायच्या आत फोनवर सांगितली आणि वाईट बातमी तीन महिने पोटात ठेवली. मनाला समजावत राहिले की अजून पक्कं नाही, उंदराच्या आतड्याची पूड मागवली आहे, ती आली की त्या एन्झाइमवर तपासू, मग सांगू. आण्णा फोनवर विचारायचे, "काय म्हंतंय जांभूळ?" मी म्हणायची, "चाललंय आण्णा." शेवटी अर्धवट आनंदाची सवय लागते, तो मोडावासा वाटत नाही.

पूड एप्रिलच्या शेवटी आली. उंदराच्या आतड्यापासून तयार केलेली ही पूड बाटलीत विकत मिळते. थंड बफरमध्ये ढवळायची, सेंट्रिफ्यूजला फिरवायची, वरचं पाणी एन्झाइम म्हणून वापरायचं. सगळं बर्फात. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी बर्फ टिकवणं हे वेगळंच काम. आमचे मामा, म्हणजे लॅबचे शिपाई, थर्मोकोलच्या डब्यात बर्फ भरून दर तासाला आणून द्यायचे. या एन्झाइमवर अकार्बोजने दाखवून दिलं ते औषध का आहे. एक आकडी मात्रेत काम झालं, आणि रेघही छान तिरकी, शांत चढणारी. जांभळाचा अर्क त्याच्या कितीतरी मागे पडला.

मे महिन्यात चार दिवस घरी गेले. आण्णा वाळलेले दिसले. रात्रीत चारदा उठत होते. आईने मला परसात बोलावून हळूच सांगितलं, "गोळ्या बंद केल्यात त्यांनी. तुझा फोन आला त्या आठवड्यापास्नं." फडताळावर दोन बरण्या होत्या आता, एकीच्या जागी. मी घरी वाळवून ठेवलेल्या उरलेल्या बियाही त्यांनी दळून त्यात घातल्या होत्या.

"तुझ्या बियांत दम हाय म्हनालीस न्हवं?" आण्णा म्हणाले. "मग त्या गोळ्या कशाला खायाच्या? पोट नुसतं फुगतंय त्यानं." आवाजात तक्रार नव्हती, मुलीवर विश्वास ठेवल्याचं समाधान होतं. ते मला आजही ऐकवत नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला रक्त दिलं. एचबीए१सी ९.८. जानेवारीत ७.३ होतं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात रक्तात जितकी साखर असेल तितकी हिमोग्लोबिनला चिकटते, म्हणून हा आकडा गेल्या दोनतीन महिन्यांचा हिशेब सांगतो. म्हणजे तो आकडा बरोबर माझ्या फोनपासूनचा होता. मला रिपोर्ट वाचता येत होता, त्यामागचं रसायनशास्त्र येत होतं, आणि तो कागद हातात धरवत नव्हता.

त्या संध्याकाळी सोप्यात बसून मी आण्णांना सगळं सांगितलं. आधी शास्त्रीय भाषेत सांगू लागले, ते जमेना. मग म्हटलं, "आण्णा, गुऱ्हाळात उसाचा चरक चालू आहे असं समजा. तो थांबवायचाय. एक रीत अशी, की बरोबर मापाचं लाकूड घ्यायचं आणि दात्यांत नेमकं बसवायचं. चरक थांबला, बाकी काही बिघडलं नाही. गोळी हे असं लाकूड आहे. दुसरी रीत, गाडीभर चिखल आणून चरकावर ओतायचा. चरक त्यानंही थांबतो. पण चिखल चरकाला ओळखत नाही. मोटर, पट्टा, कढई, सगळ्याला चिकटतो. आणि पोटात तर चरकापर्यंत पोचायच्या आधी वाटेत डाळ असते, दूध असतं, अंडं असतं; चिखल आधी त्यांनाच लागतो. चरक चालूच राहतो."

आण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे चिखल हुता व्हय आपला."

"हो. आणि मला तीन महिन्यांपूर्वी कळलं होतं. मी सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आईला म्हणाले, "गोळ्यांचा डबा कुठाय बघ."

पोट का फुगतं तेही मी तेव्हाच सांगितलं. ते कुणीतरी गोळी लिहून देतानाच सांगायला हवं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेतलं की पिष्टाचा काही भाग लहान आतड्यात तुटत नाही, तो तसाच मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि गॅस होतो. म्हणजे पोट फुगणं हा गोळी काम करत असल्याचाच एक परिणाम आहे. मात्रा हळूहळू वाढवली तर बऱ्याच जणांचं शरीर जुळवून घेतं. आणि दुसरी एक गोष्ट, जी अशी गोळी घेणाऱ्यांच्या घरच्यांना माहीत असलीच पाहिजे: जोडीला साखर फार खाली आणणारं दुसरं औषध किंवा इन्सुलिन असेल आणि कधी घाम फुटून चक्कर आली, तर साखर-गूळ देऊन लवकर फरक पडत नाही, कारण साखर तोडणारं एन्झाइमच गोळीने रोखलेलं असतं. तेव्हा ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. आमच्या घरी आता ती देवघराशेजारी असते. डॉक्टरांनी आण्णांच्या गोळ्या नव्याने बसवून दिल्या, ऑगस्टमध्ये आकडा ७.९ वर आला.

मी कोल्हापूरला परत आले तेव्हा पीएचडी सोडायचं जवळजवळ ठरलं होतं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या मला कॅन्टीनला घेऊन गेल्या. रागावल्या नाहीत, समजावलंही नाही. चहा सांगितला आणि सफरचंदाच्या झाडाच्या सालीची गोष्ट सांगितली. १८३५ साली त्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला गेला. पुढे त्याच शतकात लक्षात आलं की तो दिला की लघवीतून साखर जाते. का जाते, हे कळायला पुढचं शतक उजाडलं: मूत्रपिंडात गाळली गेलेली साखर परत रक्तात ओढून घेणारी प्रथिनं असतात आणि फ्लोरिझिन त्यांना रोखतं. पण गोळी म्हणून ते निरुपयोगी होतं, कारण आतड्यातच त्याचे तुकडे होत. शिवाय ते मूत्रपिंडातल्या प्रथिनाबरोबर आतड्यातलं त्याचं भावंडही रोखायचं. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूतली मोडणारी जोडणी बदलली, आकार असा फिरवला की तो फक्त हव्या त्या प्रथिनात बसावा. त्यातून आज ज्यांना ग्लिफ्लोझिन म्हणतात त्या गोळ्या आल्या. डापाग्लिफ्लोझिनला युरोपात २०१२ साली मान्यता मिळाली. साल ते गोळी, मध्ये पावणेदोनशे वर्षं.

"साल उकळून प्यायलेल्यांनी ते औषध शोधलं नाही," मॅडम म्हणाल्या. "ते नेमकं कुठे बसतं हे ज्यांनी विचारलं त्यांनी शोधलं. तुझ्या अर्कातलं चिकटणारं सगळं काढून टाक. काही उरतंय का बघ. काही उरलं नाही तर तेही लिही."

मी सोडलं नाही. पण त्या बोलण्याने झालं असं नाही म्हणणार. खरं कारण आण्णांचा रिपोर्ट होता. तो माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, थोडक्यात सांगते. पीव्हीपीपी नावाची पांढरी पूड टॅनिन्सना धरून ठेवते. अर्क तिच्याबरोबर ढवळून गाळला की काळपट तपकिरी द्राव फिकट चहासारखा होतो. जिभेवर ठेवून पाहायची सोय प्रयोगशाळेत नाही, नाहीतर तुरटपणा गेला की नाही ते एका क्षणात कळलं असतं; आम्ही त्याऐवजी प्रथिन घालून द्राव गढूळ होतो का ते बघतो. फिकट अर्क कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या उभ्या भरलेल्या नळीतून, सोडून चाळीस नळ्यांत वेगळा केला. प्रत्येक नळी उंदराच्या एन्झाइमवर, ट्रायटनसह आणि ट्रायटनशिवाय. ट्रिप्सिनवर प्रत्येक. सोबत अर्क ज्यात विरघळवतो त्या नुसत्या डीएमएसओची ओळ, अर्काच्या स्वतःच्या रंगाची ओळ, आणि अकार्बोज. एका प्लेटच्या जागी सहा प्लेटा. यातल्या कितीतरी ओळी फक्त स्वतःला खोटं पाडण्यासाठी असतात, आणि त्या लावताना मला आता बरं वाटतं.

चाळीसपैकी छत्तीस नळ्यांत काहीच नाही. तीन नळ्यांत थोडं आहे पण ट्रिप्सिनलाही लागतं, त्या बाजूला ठेवल्या. एक नळी, सतरावी, साबणाला भीत नाही, ट्रिप्सिनला हात लावत नाही आणि आतड्याच्या एन्झाइमला थोडं मंद करते. थोडंच. अकार्बोजच्या जवळपासही नाही. रेघ तिरकी आहे. एन्झाइमच्या नेमक्या जागेत साखरेशी स्पर्धा करून बसते की दुसरीकडे कुठे, हे वेगवेगळ्या मात्रांवर वेग मोजून पाहतेय. त्या नळीतही एकच रेणू आहे असं अजून म्हणता येत नाही. दोन तरी असावेत.

जुन्या आकड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. मी लॅबच्या गटातून दिलेल्या पोस्टरवर ११ मायक्रोग्रॅमचा आकडा छापून झाला होता. गेल्या हिवाळ्यात एका परिषदेत तेच पोस्टर दोन भागांत लावलं, डावीकडे डिटर्जंटशिवायचा आलेख, उजवीकडे डिटर्जंटसह. थांबून पाहणारे बहुतेक उजवीकडे बघून पुढे जायचे. दोन मुली मात्र अर्धा तास थांबल्या. त्यांचंही काम पाल्याच्या अर्कावर होतं, यीस्टच्या एन्झाइमवर. एकीने ट्रायटनचं प्रमाण हातावर लिहून घेतलं.

एक गोष्ट आधीच माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती बाजूला सारली होती. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची मधुमेही रुग्णांवर रीतसर चाचणी झालेली आहे. त्या चहाने साखर उतरली नाही. मी तो निबंध पहिल्याच वर्षी वाचला होता. पानांचा आहे, बियांचा नाही, म्हणून वहीत चार ओळींत गुंडाळला. तो शेवटपर्यंत वाचून स्वतःला एक प्रश्न विचारला असता तर कदाचित फोन करताना जीभ अडखळली असती.

गावात आता कुणी विचारलं की पोरीला औषध सापडलं का, तर आण्णाच उत्तर देतात. "न्हाई. अजून चिखल काढालीया." पूड घेऊ का म्हणून कुणी विचारलं तर म्हणतात, घ्यायची तर घे, पण गोळी सोडू नको, मी सोडली हुती. आणि मग स्वतःचा ९.८ चा आकडा सांगतात, मोठ्याने, पारावर. मी असं सांगायला त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

या जूनमध्ये घरी गेले तेव्हा सोप्यात वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर बिया मांडलेल्या. अर्क संपत आला आहे हे मी आईला बोलता बोलता म्हटलं होतं, ते त्यांनी ऐकलं असावं. एका बाजूला बांधावरच्या झाडाच्या, दुसऱ्या बाजूला दाजीपूर रस्त्याच्या, मध्ये काडीने केलेली सीमा. कोपऱ्यात पेनने तारीख, झाडाची जागा, आणि 'मधल्या फांदीच्या' असंही लिहिलेलं. आई सूप घेऊन बिया उन्हात टाकायला निघाली होती.

"सावलीत," आण्णा आतून म्हणाले. "सावलीत वाळवायच्या अस्त्यात त्या."